मुका मार आणि लघवीतले रक्त

“डॉक्टर, वरून काही लागलेलं नाही, नुसता मुका मार आहे.” दवाखान्यात शिरता शिरता सांगितले जाणारे हे वाक्य मी गेली तीस वर्षे ऐकत आलो आहे. जखमेतून रक्त वाहताना दिसले की घरदार हबकते आणि मिळेल ते वाहन काढून माणसाला दवाखान्यात आणले जाते. मुका मार मात्र आंबेहळदीचा लेप, विटेचा शेक आणि ‘दोन दिवसांत उतरेल’ या भरवशावर सोडला जातो. हातापायांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा निभावून जाते. पोटाला, कुशीला किंवा ओटीपोटाला बसलेल्या मुक्या माराची गोष्ट वेगळी आहे. पोटाची कातडी लवचीक असते. ती दबते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. आतल्या अवयवांना ती सोय नाही. प्लीहा फाटली, आतडे फाटले, असे लोकांनी थोडेफार ऐकलेले असते. मूत्रसंस्थेला झालेली इजा मात्र रुग्णाच्याच काय, कधी कधी डॉक्टरच्याही ध्यानात येत नाही. आजचा लेख तिच्याविषयी आहे, आणि तो लिहिण्यामागे माझी स्वतःची एक चूकही आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाळिशीतला एक शेतकरी पत्नीला घेऊन आला. रात्री थोडी जास्त झाली होती. पारावर बाचाबाची झाली, कुणीतरी ढकलले आणि हा पाराच्या दगडी कडेवर पोटावर आदळला. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ओटीपोट थोडे दुखरे. मी वेदनाशामक इंजेक्शन दिले, त्रास वाढला तर परत या असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. तिसऱ्या दिवशी त्याला परत आणले तेव्हा पोट फुगून आले होते, उलट्या होत होत्या आणि पत्नी सांगत होती, “डॉक्टरसाहेब, पडल्यापासनं यांना लघवी म्हणावी अशी झालीच नाही. झाली ती चमचाभर, लाल.” पहिल्या दिवशी हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. रक्त तपासले तर क्रिएटिनिन पाच. घाबरून नातेवाईक त्याला एका ठिकाणी घेऊन गेले, तिथे ‘किडनी फेल झाली आहे, डायलिसिस करावे लागेल’ असे सांगण्यात आले. वस्तुतः त्याच्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या. मग झाले काय होते, ते मूत्राशयाकडे आल्यावर सांगतो. त्याआधी ही सारी रचना थोडक्यात पाहू.

मूत्रपिंडे म्हणजे किडन्या पोटात पुढे नसतात. त्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला असतात. यकृतामुळे उजवी किडनी जरा खाली असते. एकेक किडनी साधारण अकरा सेंटिमीटर लांब आणि दीडशे ग्रॅम वजनाची, म्हणजे मुठीएवढी. पण या दोन मुठींमधून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त फिरते. हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या जोडीकडे जातो. म्हणून किडनीला चीर गेली तर रक्तस्राव किती होऊ शकतो, याची कल्पना यावी. निसर्गाने एक उपकारही करून ठेवला आहे. किडनीभोवती चरबीची गादी आणि तिच्यावर एक घट्ट आवरण असते. त्या बंद जागेत रक्त साठले की त्याचाच दाब जखमेवर पडतो आणि बहुतेक वेळा स्राव आपोआप थांबतो. किडनीतून निघालेल्या दोन बारीक मूत्रवाहिन्या खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत, उतरतात. ही पिशवी रिकामी असते तेव्हा ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याआड सुरक्षित असते. भरली की ती वर पोटात येते आणि तिचा वरचा पातळ भाग उघडा पडतो. पिशवीतून बाहेर पडणारा मूत्रमार्ग पुरुषांत वीतभर लांब आणि वळणाचा, तर स्त्रियांत अवघा चार सेंटिमीटरचा असतो. इजा कुणाला, कुठे आणि कशी होते हे बरेचसे या रचनेवरून ठरते.

आपल्या भागात हा मार बसण्याचे प्रकार कोणते, हे मी सांगण्यापेक्षा वाचकांनाच जास्त ठाऊक आहे. मोटारसायकल घसरून हँडल कुशीत घुसणे, गळीत हंगामात ऊस भरताना ट्रॉलीवरून पडणे, बैलाची लाथ किंवा शिंगाची धडक, आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या झाडावरून खाली येणे, पावसाळ्यात मातीची भिंत अंगावर येणे, कबड्डीत गुडघा बसणे. यातला प्रत्येक मार काय करील याचा अंदाज वेगळा. कुशीत किंवा शेवटच्या बरगड्यांवर मार असेल तर किडनीचा विचार करायचा. ओटीपोटावर मार असेल आणि त्या वेळी लघवी तुंबलेली असेल तर मूत्राशयाचा. कमरेच्या हाडांचे कडे, ज्याला डॉक्टर पेल्व्हिस म्हणतात, ते मोडले असेल तर मूत्राशय आणि मूत्रमार्ग दोन्हींचा. आणि मांड्यांच्या मध्ये मार बसला असेल, म्हणजे सायकलच्या दांडीवर, भिंतीच्या काठावर किंवा गटाराच्या कडेवर माणूस घोड्यावर बसावा तसा आदळला असेल, तर मूत्रमार्गाचा. उंचावरून पडताना किंवा वाहनाची समोरासमोर धडक झाल्यावर शरीर एकदम थांबते, पण आतली किडनी पुढे झेपावते आणि तिच्या रक्तवाहिनीला हिसका बसतो. अशा वेळी कुशीवर ओरखडासुद्धा नसतो. म्हणून ‘कुठे लागले’ एवढेच नव्हे, तर ‘कसे पडला, किती उंचीवरून पडला, शेवटची लघवी कधी केली होती’ हेही डॉक्टरांना सांगावे. आम्ही विचारले नाही तरी सांगावे. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व मला त्या शेतकऱ्याने शिकवले.

आता पहिली तपासणी. तिला यंत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पोटाला, कुशीला किंवा कमरेला जोराचा मार बसलेल्या माणसाची त्यानंतरची पहिली लघवी पाहायला हवी. शौचकुपात करून पाणी ओतून टाकू नये. स्वच्छ काचेच्या ग्लासात किंवा पांढऱ्या बाटलीत धरावी आणि उजेडात पाहावी. लाल, गुलाबी, चहासारखी किंवा कोकमाच्या सरबतासारखी दिसली तर बाटलीसह दवाखाना गाठावा. पहिलीच लघवी का, तर ती मारानंतर साठलेली असते. पुढे सलाईन लागले, पाणी प्यायले की लघवी पातळ होऊन रंग फिकट पडतो आणि ‘आता साफ झाली’ असा गैरसमज होतो. एक गंमत सांगून ठेवतो. बीट खाल्ल्यानेही लघवी लाल दिसते आणि क्षयरोगाच्या रिफाम्पिसिन गोळीने ती नारिंगी होते. असे काही घेतले असेल तर डॉक्टरांना सांगावे, पण त्यावर विसंबून घरी मात्र थांबू नये. खात्री करण्यासाठी पट्टीची तपासणी आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी दहा-पंधरा मिनिटांत होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सुशिक्षित माणसेही तिथे फसतात. लघवीत किती रक्त दिसते यावरून इजा किती मोठी हे ठरत नाही. किडनीला साधे खरचटले तरी लघवी लालभडक होऊ शकते आणि आठवड्यात सारे ठीक होते. उलट किडनीची मुख्य रक्तवाहिनीच बंद पडली किंवा किडनी आणि मूत्रवाहिनी यांचा सांधा तुटला, तर रक्तमिश्रित लघवी खाली येणारच कशी? अशा रुग्णाची लघवी अगदी साफ असू शकते. म्हणजे लाल लघवी दिसली तर तपास करायलाच हवा. साफ दिसली म्हणून मार किरकोळ, असे मात्र नाही. मार कसा बसला आणि रुग्ण कसा दिसतो, ही दोन्ही माहिती सोबत लागते. शेवटच्या बरगड्या मोडल्या आहेत काय, कुशीत काळेनिळे झाले आहे काय, नाडी भरभर चालते काय, घाम येऊन हातपाय गार पडले आहेत काय, हे आम्ही पाहतो ते त्यासाठी.

मग प्रत्येकाचा सीटी स्कॅन करायचा का? नाही. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे मॅकॅनिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा वर्षांच्या अभ्यासातून मिळाले, आणि आजही जगभरचे डॉक्टर थोड्याफार फरकाने तीच रीत पाळतात. मुका मार बसलेल्या मोठ्या माणसाच्या लघवीत डोळ्यांना रक्त दिसत असेल तर स्कॅन करावा. रक्त केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असेल, पण अपघातानंतर केव्हाही, अगदी रस्त्यात एकदा जरी, रक्तदाबाचा वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला असेल, तरी करावा. रक्त फक्त सूक्ष्मदर्शकाखाली आहे, रक्तदाब पहिल्यापासून उत्तम आहे आणि बाकी काही संशयास्पद नाही, अशा माणसाला मोठी इजा असण्याची शक्यता फार थोडी. त्याला लक्ष ठेवून सोडता येते आणि लघवी साफ होईपर्यंत पुन्हा तपासता येते. तिसरा निकष माराच्या प्रकाराचा. मोठ्या उंचीवरून पडलेला, वेगातल्या धडकेत सापडलेला किंवा कुशीत थेट तडाखा बसलेला माणूस असेल तर लघवी कशीही असो, स्कॅनचा विचार करावाच लागतो. म्हणून अपघातस्थळी किंवा पहिल्या दवाखान्यात मोजलेला रक्तदाब चिठ्ठीवर लिहून घ्यावा. पुढच्या डॉक्टरला तो आकडा सोन्यासारखा असतो. सलाईन दिल्यावर रक्तदाब वर येतो आणि मधला तो खालचा आकडा कुणालाच कळत नाही.

मुलांना हे नियम जसेच्या तसे लावता येत नाहीत. मुलांच्या किडन्या शरीराच्या मानाने मोठ्या आणि जरा खाली असतात, भोवतीची चरबी कमी आणि बरगड्या मऊ. त्याहून धोक्याची गोष्ट अशी की पुष्कळ रक्त जाईपर्यंत मुलाचा रक्तदाब टिकून राहतो आणि मग एकाएकी ढासळतो. त्यामुळे मुलांत रक्तदाबावर भिस्त ठेवत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली एका फिल्डमध्ये पन्नासपेक्षा जास्त लाल पेशी दिसल्या तरी पुढची तपासणी करतात.

मुलांवरून एक प्रसंग आठवतो. सातवीतला एक मुलगा सायकलवरून पडला. पडला म्हणजे काय, शाळेच्या फाटकाशी तोल गेला आणि हँडलचे टोक कुशीत टोचले एवढेच. पण लघवी लालभडक. वडील म्हणाले, “एवढ्याशा पडण्यानं एवढं रक्त कसं?” प्रश्न अगदी रास्त होता. मार थोडा आणि रक्त फार, असा प्रकार दिसला की किडनीत आधीपासूनच काही दोष आहे की काय याची शंका घ्यावी. त्या मुलाच्या डाव्या किडनीच्या तोंडाशी जन्मतः अडथळा होता, किडनी फुगून पातळ झाली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पातळ फुग्याला टाचणी पुरते तसे झाले होते. अडथळा पुढे शस्त्रक्रियेने दूर झाला. त्या वडिलांनी ‘उगीच बाऊ नको’ म्हणून मुलाला घरी नेले नाही, याचे श्रेय त्यांचे.

सोनोग्राफीबद्दल दोन शब्द, कारण ‘सोनोग्राफी नॉर्मल आली आहे’ असे कागद घेऊन निर्धास्त झालेली माणसे मी रोज पाहतो. अपघातानंतर तातडीने केलेली सोनोग्राफी मुख्यतः एका प्रश्नाचे उत्तर देते: पोटात रक्त किंवा पाणी साठले आहे काय? ते काम ती चांगले करते, खाटेवरच होते आणि किरणोत्सर्गही नाही. पण किडनी पोटाच्या पोकळीच्या मागे असल्यामुळे तिच्याभोवती साठलेले रक्त या तपासणीत सहज निसटते, बारीक चीरही दिसत नाही. किडनीला रक्त पोचते आहे काय, लघवी बाहेर गळते आहे काय, हे साध्या सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी शिरेतून डायचे इंजेक्शन देऊन केलेला सीटी स्कॅन लागतो. तोही एकदाच फिरवून भागत नाही. लगेच काढलेल्या चित्रांत रक्तवाहिन्या आणि किडनीचा गाभा दिसतो. डाय लघवीत उतरायला वेळ लागतो, म्हणून साधारण दहा मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात. गळती दिसते ती त्या दुसऱ्या फेरीत. ‘एकदा झालं की स्कॅन, पुन्हा कशाला आत नेता?’ म्हणून नातेवाईक तंत्रज्ञाशी भांडतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

मी १९९० च्या सुमारास शिकत होतो तेव्हा आमची भिस्त आयव्हीपीवर असे. डाय टोचायचा, ठरावीक मिनिटांनी एक्स-रे काढायचे आणि ओल्या फिल्मा खिडकीच्या उजेडात धरून सरांपुढे उभे राहायचे. अर्धे दिसायचे, अर्धे ताडायचे. सीटी स्कॅन आता बऱ्याच तालुक्यांच्या गावी होतो, ही फार मोठी सोय झाली. मात्र रुग्णाचा रक्तदाब पडलेला असेल, तो सावरत नसेल, तर त्याला स्कॅनच्या रांगेत ठेवणे बरोबर नाही. त्याची जागा शस्त्रक्रियागृहात.

स्कॅनवरून किडनीच्या इजेचे एक ते पाच असे दर्जे ठरवतात. ही प्रतवारी अमेरिकेतील ट्रॉमा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९८९ मध्ये केली आणि २०१८ मध्ये सुधारली. पहिला दर्जा म्हणजे खरचटणे किंवा आवरणाखाली थोडे रक्त साठणे. पाचवा म्हणजे किडनीच्या चिंधड्या किंवा मुख्य रक्तवाहिनी तुटणे. ‘किडनी फाटली’ म्हटले की आता ती काढावी लागणार असे लोकांना वाटते. पूर्वी शस्त्रक्रिया पुष्कळ होत, आणि पोट उघडले की आवरणाने रोखलेला रक्तस्राव मोकळा होऊन किडनी गमवावी लागे. आज बहुसंख्य इजा, त्यांतल्या बऱ्याच मोठ्यासुद्धा, अंथरुणावर विश्रांती, वारंवार हिमोग्लोबिन पाहणे आणि लघवी साफ होण्याची वाट पाहणे यांवर बऱ्या होतात. रक्तस्राव थांबत नसेल तर मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी आतूनच बंद करता येते. डॉक्टर ‘नुसतेच निजवून ठेवतात, काही करत नाहीत’ अशी तक्रार मी नातेवाइकांकडून ऐकतो. तसे निजवून ठेवणे हाच तिथे उपचार असतो.

मूत्रवाहिनीला मुक्या माराने इजा होणे विरळा. ती बारीक, हलती आणि खोलवर असते. झालीच तर लहान मुलांत, पाठ एकदम मागे ताणली गेल्यावर. तिचे निदानही वर सांगितलेल्या उशिराच्या स्कॅनवर अवलंबून असते.

आता मूत्राशय, आणि तो शेतकरी. दारू प्यायल्यावर लघवी जास्त तयार होते आणि लागल्याची जाणीव बोथट होते. त्यामुळे रात्री अशा माणसाची पिशवी तुडुंब भरलेली असते. चार-पाचशे मिलिलिटर भरलेला फुगा दगडी कडेवर आदळला तर फुटतो तो सर्वांत नाजूक जागी, म्हणजे वरच्या बाजूला, आणि लघवी थेट पोटाच्या पोकळीत जाते. लघवी ताजी असताना पोटाला तितकीशी झोंबत नाही, म्हणून पहिल्या दिवशी माणूस चालत येतो. पण पोटाचे अस्तर त्या लघवीतले क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम परत रक्तात शोषून घेते. किडनी इमानेइतबारे घाण बाहेर टाकते आहे आणि ती फिरून रक्तात येते आहे. रक्ताच्या अहवालावर हे चित्र हुबेहूब किडनी फेल झाल्यासारखे दिसते. जिल्ह्याच्या ठिकाणी माझ्या एका शल्यचिकित्सक मित्राने तो अहवाल बाजूला ठेवला, पोटातले थोडे पाणी सुईने काढले आणि त्यातले क्रिएटिनिन मोजले. ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाले. साध्या जलोदराच्या पाण्यात असे होत नाही. ती लघवीच होती. मग पिशवीत नळीने डाय भरून चित्र घेतले, डाय पोटात आतड्यांभोवती पसरलेला दिसला. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून पिशवी शिवली. चार दिवसांत क्रिएटिनिन एकवर आले. डायलिसिस लागले नाही.

या तपासणीत एक बारकावा आहे. पिशवी पुरेशी ताणली गेली नाही तर लहान भोक मिटलेलेच राहते आणि चित्र खोटे ‘नॉर्मल’ येते. म्हणून मोठ्या माणसात नळीवाटे निदान तीनशे ते साडेतीनशे मिलिलिटर डाय भरावा लागतो. शिरेतून दिलेला डाय खाली उतरेपर्यंत नळी दाबून ठेवली, यावर भागत नाही. पेल्व्हिसचे हाड मोडले आहे आणि लघवीत डोळ्यांना रक्त दिसते, अशा साधारण तीन रुग्णांमागे एकाचे मूत्राशय फाटलेले आढळते. म्हणून या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ही तपासणी टाळू नये. हाडाच्या बाजूने, पोटाच्या पोकळीबाहेर फाटलेली पिशवी बहुधा दोन-तीन आठवडे नळी ठेवून आपोआप भरते. पोकळीत फाटलेली शिवावीच लागते. दोन्हींत रुग्ण सारखाच कण्हतो, फरक चित्रातच कळतो.

शेवटी मूत्रमार्ग. इथे निदानाइतकेच, काय करू नये हे महत्त्वाचे. तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात. लघवीच्या जागी टोकाशी रक्ताचा थेंब, लघवीची तीव्र जाणीव असूनही न होणे, आणि ओटीपोटात भरलेल्या पिशवीचा गोळा. सोबत मांड्यांमध्ये आणि अंडकोषावर काळेनिळे होऊन सूज येते. असा रुग्ण तळमळत असतो, नातेवाईक ओरडत असतात, ‘आधी नळी घाला, लघवी मोकळी करा’. आणि नेमके हेच आंधळेपणाने करायचे नाही. अर्धवट फाटलेल्या मार्गात नळी रेटली तर ती फाटलेल्या जागेतून भलतीकडे जाते आणि अर्धवट फाटलेला मार्ग पुरता तुटतो. परांचीवरून फळीच्या कडेवर पडलेला एक तरुण गवंडी माझ्याकडे आला तेव्हा वाटेत एका ठिकाणी त्याला तीन वेळा नळी घालण्याचा प्रयत्न झालेला होता. मूळ इजा किती होती आणि नळीने किती केली, हे नंतर कुणीच सांगू शकले नाही. पुढची काही वर्षे तो मार्ग अरुंद झाल्याने दर काही महिन्यांनी तो रुंद करून घ्यायला जात असे.

बरोबर क्रम असा की आधी मूत्रमार्गाच्या टोकातून हलक्या हाताने डाय सोडून एक्स-रे घ्यायचा. मार्ग अखंड दिसला तर नळी. फाटलेला दिसला, किंवा तपासणीची सोयच नसली, तर ओटीपोटावरून, बेंबीखाली छोटे छिद्र करून थेट पिशवीत नळी घालायची. ऐकायला भयंकर वाटते, पण भूल देऊन केलेले हे काम काही मिनिटांचे आहे आणि मार्गाला धक्का लागत नाही. अनुभवी हाताने एकदाच, अगदी अलगद प्रयत्न करायला आजचे शास्त्र परवानगी देते. अडली की थांबायचे. स्त्रियांत मूत्रमार्ग आखूड असल्याने ही इजा कमी, पण पेल्व्हिसचे हाड मोडलेल्या स्त्रीला योनीमार्गातून रक्त जात असेल तर ‘पाळी असेल’ म्हणून सोडून देऊ नये. संकोचाने बायका हे सांगत नाहीत. सोबतच्या सासूने किंवा नणंदेने विचारावे आणि डॉक्टरांच्या कानावर घालावे.

घरून निघताना काय सांभाळायचे? पोट चोळू नये, शेकू नये. ‘किडनी धुऊन निघेल’ म्हणून तांब्यावर तांबे पाणी पाजू नये. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत घ्यावीत. एकच किडनी असेल, पूर्वी मुतखडा किंवा किडनीची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही आधी सांगावे. लघवी होत नसेल तर जोर करू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, तिचा उपयोग करावा. पोलिस केस होईल म्हणून दवाखान्यात यायला किंवा अनोळखी जखमीला आणायला घाबरण्याचे कारण नाही. जीव वाचवणे आधी आणि कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि अपघातग्रस्ताला सद्हेतूने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याचेच संरक्षण आहे. यात्रेतली भांडणे घरी ‘पडलो’ म्हणून सांगितली जातात. डॉक्टरला तरी खरे सांगावे.

किडनीचा मार बरा होऊन घरी आलेल्यांसाठी थोडे. लघवी साफ झाली म्हणजे आतली जखम भरली असे नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकाएकी लाल लघवी होऊ शकते; तसे झाले तर रात्रीची वेळ असली तरी निघावे. ताप, कुशीत वाढते दुखणे, सूज हीही परत येण्याची कारणे. मार हलका असेल तर दोन ते सहा आठवडे आणि मोठा असेल तर सहा महिने ते वर्षभर कबड्डी, कुस्ती, पोती उचलणे, ट्रॅक्टरवरचे हादरे यांपासून दूर राहावे. आणि रक्तदाब. जखमी किडनीमुळे काही जणांचा रक्तदाब नंतर वाढतो, तो कळत नाही, दुखत नाही. पहिले वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी तो मोजून घ्यावा. तरुण पोरे ‘मला कसला बीपी’ म्हणून येत नाहीत, तेव्हा आईवडिलांनीच त्यांना बाजाराच्या दिवशी सोबत घेऊन यावे.